शाळेने प्रवेश नाकारला? आधी तो नकार लेखी घ्या

मूल उशिरा चाललं, उशिरा बोलायला लागलं, वयाच्या मानाने समज दोन-तीन वर्षं मागे आहे. अशा मुलासाठी पुण्यात शाळा शोधणाऱ्या पालकांना ‘आम्ही प्रवेश देणार नाही’ असं स्पष्ट उत्तर फार क्वचित मिळतं. कानावर येतं ते असं: ‘जागा भरल्या हो.’ ‘आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, बाळाचंच नुकसान होईल.’ ‘एक वर्ष थेरपी करा, बोलायला लागला की घेऊन या.’ ‘पन्नास मुलांच्या वर्गात कोण लक्ष देणार? स्पेशल स्कूलमध्ये त्याची चांगली सोय होईल.’ सगळं आपुलकीच्या सुरात बोललं जातं. पालक ‘थँक यू मॅडम’ म्हणून बाहेर पडतात आणि पुढच्या शाळेचा पत्ता शोधायला लागतात.

अशा पालकांना अर्ज लिहायला मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. वर दिलेल्या वाक्यांपैकी एकही कागदावर नसतं, आणि तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं जवळपास अशक्य असतं. दोन महिन्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं तर शाळा सांगते, ‘आम्ही नाही कुठे म्हटलं? या पालकांनी अर्जच दिलेला नाही.’ तिथे प्रकरण थांबतं. कायदा तुमच्या बाजूने आहे, बराच भक्कमपणे आहे, पण तो चालायला लागतो तो कागद हातात आल्यावर.

पहिला अर्ज

हा अर्ज साधा ठेवा. कलमं नकोत, धमकी नको, मुलाच्या जन्मापासूनचा इतिहासही नको. मुख्याध्यापकांच्या नावे एवढं पुरतं:

‘माझा मुलगा (नाव, जन्मतारीख) याला इयत्ता पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून मी अमुक तारखेला आपल्या शाळेत आले होते. त्याचा विकास वयाच्या मानाने उशिराने होत आहे. त्याला प्रवेश देता येणार नाही, असं मला कार्यालयात तोंडी सांगण्यात आलं. कृपया त्याला प्रवेश द्यावा. तो देता येत नसेल तर त्याचं कारण सात दिवसांत लेखी कळवावं, ही विनंती.’

दोन प्रती काढा. एक शाळेच्या कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख, क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘ठेवून जा, मॅडमना दाखवतो’ असं क्लार्कने म्हटलं तर नम्रपणे सांगा की पोच मिळाल्यावरच जाईन. पोच द्यायला सरळ नकार मिळाला तर वाद घालू नका. तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा आणि पत्र पोचल्याचं ट्रॅकिंगचं पान छापून घ्या. शिवाय शाळेच्या ईमेलवर स्कॅन पाठवा. फोनवर काही सांगितलं गेलं असेल तर फोन ठेवल्यावर लगेच मेसेज करा: ‘आज आपण फोनवर अमुक सांगितलंत, त्याची नोंद म्हणून लिहिते आहे.’ समोरून उत्तर नाही आलं तरी तारीख-वेळेसह नोंद तयार होते.

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं उदाहरण सांगते. मुलगा साडेसहा वर्षांचा. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायचा, पीएमपीच्या बसचा नंबर पाहून ती कुठे जाते हे सांगायचा. शाळेत ‘इंटरॅक्शन’साठी नेलं तेव्हा समोरच्या बाईंनी रंगांची कार्डं दाखवली आणि तो टेबलाखाली जाऊन बसला. बाहेर आल्यावर उत्तर मिळालं, ‘अजून तयार नाही वाटत.’ या आईने वरच्यासारखा अर्ज दिला. आठवडाभराने शाळेच्या लेटरहेडवर एका ओळीचं उत्तर आलं: ‘आमच्या शाळेत विशेष शिक्षक उपलब्ध नसल्यामुळे आपल्या पाल्यास प्रवेश देता येत नाही.’

ती खचून गेली होती. तिला वाटलं, आता कायमचंच बंद झालं. खरं तर त्या एका ओळीने तिचं अर्धं काम केलं होतं. जागा नाहीत असं शाळेने म्हटलेलं नव्हतं, वयाचाही मुद्दा नव्हता. मुलाच्या अडचणीमुळेच प्रवेश नाकारला, हे शाळेने स्वतःच्या सहीशिक्क्याने लिहून दिलं होतं. कायद्यात नेमकी याच गोष्टीला मनाई आहे.

उत्तर आलंच नाही तर? तेही चालतं. सात दिवस उलटल्यावर ‘अर्ज दिला, पोच आहे, उत्तर नाही’ हीच तक्रारीची सुरुवात होते.

कायदा नेमकं काय म्हणतो

इथे दोन कायदे लागू होतात आणि त्यांची गल्लत झाली की तक्रार चुकीच्या टेबलावर जाते.

पहिला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इतर मुलांबरोबर शिकण्याची आणि खेळण्याची संधी द्यायची, इमारत आणि सोयी त्यांना वापरता येतील अशा करायच्या, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची. यातला ‘मान्यता’ हा शब्द महत्त्वाचा. पैसे सरकारचे असोत वा नसोत, मान्यता घेतली की जबाबदारी आलीच. सीबीएसई असो, आयसीएसई असो, विनाअनुदानित इंग्रजी माध्यम असो, त्यामुळे फरक पडत नाही. ‘आम्ही खासगी आहोत, आम्हाला हे लागू नाही’ हे उत्तर टिकत नाही.

दुसरा शिक्षण हक्क कायदा, २००९, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो. १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. पुण्यात आरटीई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त २५ टक्के राखीव जागांची लॉटरी येते. ती त्यातली एक तरतूद आहे. कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तिला इंटरॅक्शन म्हणा, ऑब्झर्व्हेशन म्हणा, तिच्या आधारे मूल नाकारलं की ती निवडचाचणीच झाली. कलम १५ सांगतं की प्रवेशाची मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही परत पाठवायचं नाही. आणि कलम ४ प्रमाणे मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवून त्याला वेगळी मदत द्यायची असते. ‘आठ वर्षांचा आहे, पण सीनियर केजीत बसवू’ हा प्रस्ताव पालकांना पटला तर गोष्ट वेगळी. शाळा त्याची अट घालू शकत नाही.

नर्सरी आणि केजीच्या बाबतीत थोडं सावध राहावं लागतं. आरटीई सहाव्या वर्षापासून सुरू होतो, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलासाठी कलम १३ वर विसंबून तक्रार केली तर शाळा वयाचा मुद्दा काढते. तिथे दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम १६ पुढे करा. त्यात वयाची अशी खालची मर्यादा नाही.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर अशा शाळांना आरटीई लागू होत नाही, असं धरलं जातं. पण म्हणून दिव्यांग हक्क अधिनियम सुटत नाही. शाळेने अल्पसंख्याक दर्जाचा कागद पुढे केला की बरेच पालक तिथूनच परत फिरतात. परत फिरू नका, दुसऱ्या कायद्याखाली तक्रार करा.

‘पण आमच्याकडे चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही’

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की कार्यालयातली माणसंसुद्धा तो खरा मानतात. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट काही ठराविक लाभांसाठी आहे. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग म्हणून ऑनलाइन अर्ज करायचा असेल तर महाराष्ट्रात चाळीस टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र लागतं. या गटाला उत्पन्नाची अट मात्र नाही, आणि चांगल्या पगाराच्या घरातल्या पालकांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयातल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळतं, तिथेही चाळीस टक्के लागतात.

पण प्रवेश नाकारू नये आणि वाजवी सोय द्यावी, या त्याच अधिनियमाच्या कलम १६ च्या हक्काला टक्क्यांची अट नाही. तिथे शब्द आहेत ‘दिव्यांग मुलं’, बस्स. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं: वाजवी सोयीचा हक्क चाळीस टक्क्यांवरच्या व्यक्तींपुरता मर्यादित ठेवता येणार नाही. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दलचा होता, पण त्यातलं तत्त्व शाळेलाही तितकंच लागू पडतं. सुनावणीला जाताना या निकालाचं नाव लिहून न्या.

प्रमाणपत्राबद्दल आणखी एक. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता दिलेली आहे आणि त्या यादीत ‘विकासातला विलंब’ असं नाव नाही. म्हणून शाळा म्हणते, ‘हे दिव्यांगत्व नाही, नुसता डिले आहे.’ आणि तरीही त्याच डिलेचं कारण देऊन नाकारते. प्रमाणपत्राच्या नियमांत याची सोय केलेली आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ (विकासात सर्वांगीण विलंब) असं निदान लिहून प्रमाणपत्र मिळतं. पाचच्या पुढे तपासणी करून, लागू असेल तर, बौद्धिक अक्षमता म्हणून. लहान वयातलं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, पुन्हा तपासणी होते. अर्ज युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा आणि तपासणीसाठी पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. मूल मोठं होऊन सुधारलं तर हा शिक्का कायमचा बसेल, अशी भीती आजी-आजोबांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण तपासणी पुन्हा होते आणि त्या वेळची स्थिती पाहून प्रमाणपत्र ठरतं. शिवाय प्रमाणपत्र शाळेला दाखवायचं की नाही, हे तुमच्याच हातात असतं.

प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थांबू नका. डेव्हलपमेंटल पेडिएट्रिशियनचा (मुलांच्या विकासाच्या अडचणी पाहणाऱ्या डॉक्टरांचा) किंवा मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट तक्रारीला पुरेसा आहे. फक्त तो कसा लिहून घ्यायचा, याकडे लक्ष द्या. बऱ्याच रिपोर्टांत एक आयक्यू (बुद्ध्यांक) किंवा एसक्यूचा (सामाजिक समज मोजणारा) आकडा असतो आणि खाली सही. शाळा तेवढा आकडा वाचते आणि ‘बघा, जमणार नाही’ म्हणते. डॉक्टरांना विनंती करा की मूल वर्गात काय करू शकतं आणि त्याला कशाची मदत लागेल, ते लिहून द्या. एका चांगल्या रिपोर्टमधला मजकूर साधारण असा होता: ‘दोन शब्दांच्या सूचना समजतात. तीन टप्प्यांची सूचना चित्र दाखवून दिल्यास पाळतो. शौचाला जायचं असेल तर हाताने खूण करतो. मोठ्या आवाजाला घाबरून कानावर हात ठेवतो. पाच मिनिटं शांत जागी नेल्यास पुन्हा वर्गात येऊन बसतो.’ हे वाचल्यावर बाईंना डोळ्यांसमोर मूल दिसतं आणि सुनावणीतल्या अधिकाऱ्यालाही कळतं की मागणी किती छोटी आहे. गर्भारपणापासूनची सगळी फाइल शाळेला देण्याची गरज नाही. हा दोन पानांचा रिपोर्ट द्या.

दाद कुठे मागायची

आरटीईखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथल्या महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, आणि हवेली, मुळशी, मावळसारख्या तालुक्यात पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. तिन्ही ठिकाणी एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या, म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज फिरत राहत नाही. कलम ३२ प्रमाणे या कार्यालयाने दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे, मुंबईला.

दिव्यांग हक्क अधिनियमाखाली तक्रार राज्य आयुक्तांकडे जाते. अर्ज ‘राज्य आयुक्त, दिव्यांग व्यक्ती’ यांच्या नावे लिहावा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे, कॅम्पातल्या चर्च रस्त्यावर. गडचिरोली-नंदुरबारच्या पालकांना जिथे यायला दिवस घालवावा लागतो, तिथे आपण रिक्षाने जाऊन चौकशी करू शकतो. वकील लागत नाही. मराठीत साध्या कागदावर लिहिलेली तक्रार चालते. कलम ८२ प्रमाणे आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ते शाळेला शिफारस करतात. त्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करावी लागते, आणि ती मान्य नसेल तर का नाही, हे शाळेला आयुक्तांना आणि तुम्हालाही कळवावं लागतं. अधिनियमाचा भंग सिद्ध झाल्यास कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

केंद्रीय विद्यालय असेल, म्हणजे गणेशखिंडसारखं, तर ती केंद्र सरकारची संस्था. तिथली तक्रार दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जाते.

दोन्हींपैकी कुठे जावं, असं पालक विचारतात. माझं मत असं की मूल सहा वर्षांच्या वर असेल आणि शाळा अल्पसंख्याक नसेल तर आधी स्थानिक शिक्षण विभागाकडे जा. शाळेची मान्यता, यू-डायसची (शाळांच्या माहितीच्या सरकारी यादीतली) नोंद, तपासणी हे सगळं शिक्षण खात्याच्या हातात असतं, त्यामुळे तिथल्या एका फोनचा परिणाम लवकर होतो. त्या अर्जातच शेवटी लिहा: ‘प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी: मा. राज्य आयुक्त, दिव्यांग व्यक्ती.’ आणि ती प्रत खरोखर पोचवा. लहान मूल असेल किंवा शाळा अल्पसंख्याक असेल तर थेट आयुक्तांकडे जा.

तीन महिन्यांची मुदत ऐकून पोटात गोळा येतो, कारण जूनचा दुसरा आठवडा उजाडला की शाळा सुरू. म्हणून मागणीत दोन गोष्टी वेगळ्या लिहा: अंतिम निर्णय द्यावा, आणि तोपर्यंत मुलाला तात्पुरतं वर्गात बसू द्यावं. दुसरी मागणी लिहिली नाही तर कुणी आपणहून ती देणार नाही. तक्रार देऊन दोन आठवडे झाले आणि काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, आणि टिपणी मागितली की धूळ खात पडलेली फाइल उघडते.

सुनावणीत काय होतं

बहुतेक वेळा एका मोठ्या टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. अधिकारी, शाळेतर्फे मुख्याध्यापक किंवा संस्थेचा माणूस, आणि तुम्ही. बरोबर एक जण न्या, जो फक्त लिहून घेईल. रडू आलं तर आलं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मुद्दे एका कागदावर लिहिलेले असू द्या.

शाळेचा पहिला मुद्दा असतो सोयी नसल्याचा. त्यावर विचारा: कोणती सोय, कुणासाठी, किती खर्चाची? कायद्याने शाळेला ‘वाजवी’ सोय करायला सांगितली आहे, म्हणजे जिचा शाळेवर अवाजवी बोजा पडणार नाही अशी. ही मर्यादा खरी आहे आणि ती मान्य करूनच बोलावं. म्हणून तुमची मागणी बारीक आणि ठोस असू द्या. पहिल्या बाकावर जागा. दिवसाच्या तासांचं चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर. शौचालयापर्यंत मावशींनी बरोबर जाणं. पहिला महिना अर्धा दिवस. तोंडी परीक्षेत चित्रं दाखवून उत्तर द्यायची मुभा. यातली कोणतीही गोष्ट खर्चाची नाही, आणि समोरच्याला ‘जमणार नाही’ म्हणणं अवघड जातं. विशेष शिक्षक नाही हा मुद्दा निघाला तर सांगा की तो नेमण्याचं काम शाळेचं आणि शासनाचं आहे. तो नसल्याची किंमत मुलाने मोजायची, असं कायद्यात कुठेही नाही. जाण्यापूर्वी त्या शाळेची यू-डायस प्लसवरची माहितीही काढून ठेवा. तिथे शाळेने स्वतः रॅम्पबद्दल, विशेष शिक्षकाबद्दल काय भरलंय ते दिसतं. कधी कधी कागदावर सगळ्या सोयी असतात आणि सुनावणीत नसतात.

दुसरा मुद्दा येतो ‘शॅडो टीचर तुम्ही आणा, तुमच्या खर्चाने, तरच प्रवेश.’ शॅडो टीचर म्हणजे वर्गात एकाच मुलाबरोबर बसून त्याला मदत करणारी व्यक्ती. सिंहगड रस्त्यावरच्या त्या आईच्या सुनावणीत नेमकं हेच झालं. शाळा एकदम मवाळ झाली, प्रवेश द्यायला तयार झाली आणि ही अट पुढे केली. पगार तिनेच ठरवून द्यायचा होता आणि तो घरच्या हप्त्याएवढा होत होता. तिने एवढंच म्हटलं, ‘सर, ही अट शाळेने लेखी द्यावी.’ मुख्याध्यापकांनी संस्थेच्या माणसाकडे पाहिलं. अट लिहून दिली गेली नाही. मदतीची गरज आहे का हे महिनाभर पाहू आणि तोवर वर्गातल्या मावशी लक्ष ठेवतील, असं ठरलं. तुम्हाला शॅडो टीचर हवीशी वाटत असेल आणि परवडत असेल तर जरूर आणा, मुलांना तिचा फायदा होतो. पण प्रवेशाची अट म्हणून ती पालकांवर लादणं वेगळं. वैयक्तिक मदत पुरवणं ही दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे संस्थेची जबाबदारी आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात बोचरा: ‘तो मारतो, बाकीचे पालक तक्रार करतील.’ इथे नाकारत बसू नका. मूल कधी मारतं, त्याआधी काय होतं, काय केल्यावर शांत होतं, हे थेरपिस्टकडून अर्ध्या पानात लिहून घ्या आणि ते पुढे ठेवा. ज्या पालकांनी हे केलं त्यांच्या सुनावणीत हा विषय पाच मिनिटांत संपताना मी पाहिला आहे. ज्यांनी ‘आमचा बाळ असं करतच नाही’ म्हटलं, त्यांची सुनावणी तिथेच अडकली.

आणि विशेष शाळेची शिफारस. पुण्यात चांगल्या विशेष शाळा आहेत, आणि काही मुलांना त्याच मानवतात, विशेषतः ज्यांना दिवसभर एकास एक मदत लागते. ती निवड करणाऱ्या पालकांनी कुणापुढे संकोचू नये. पण कलम ३१ वाचलं तर निवड कुणाची आहे ते स्वच्छ दिसतं. जवळची शाळा की विशेष शाळा, हे मूल आणि पालक ठरवतात, प्रवेश देणारी शाळा नाही.

सुनावणीच्या शेवटी साहेब बऱ्याचदा म्हणतात, ‘चला, मिटलं, सोमवारी मुलाला घेऊन जा.’ आनंद होतो, हात जोडले जातात. तेवढ्यात उठू नका. जे ठरलं ते इतिवृत्तात लिहून घ्या: वर्ग, तारीख, कोणत्या सोयी, कोण जबाबदार. इतिवृत्ताची प्रत मागा. सोमवारी गेटवर ‘वरून काही आलेलं नाही’ असं ऐकावं लागलं तर तीच प्रत कामाला येते.

पुढची पायरी आणि दाखल्याचा सापळा

आयोग आणि आयुक्त दोन्हीकडे दाद मिळाली नाही, किंवा वर्ष वाया जाण्याची वेळ आली, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पुणे जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडेच येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे नाही. खर्चाची धास्ती घेण्याआधी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मुलं, स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आईने मुलातर्फे अर्ज केला तर तिन्ही निकषांत बसतो.

एवढी लढाई देऊन जिथे नकोसं धरलं जातं अशा शाळेत मुलाला घालायचं का, हा प्रश्न पालकांना रात्री झोपू देत नाही. याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि त्यात मी पडत नाही. एवढं मात्र पाहिलं आहे की मुख्याध्यापक नाराज असले तरी वर्गशिक्षिका मनाने चांगली असली तर मूल रुळतं. म्हणून तक्रार चालू असतानाच वर्गशिक्षिका कोण असेल ते विचारून घ्या आणि तिला भेटा. दरम्यान जवळच्या महापालिकेच्या शाळेतही अर्ज देऊन ठेवा. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेखाली विशेष शिक्षकांचं पथक या शाळांपर्यंत पोचतं, आणि मूल घरी बसून राहण्यापेक्षा कुठेतरी जात असलेलं बरं. तिथे बसवल्याने तुमची आधीची तक्रार मोडीत निघत नाही. फक्त तसं अर्जात लिहून ठेवा.

आता ज्यांचं मूल आधीच शाळेत आहे त्यांच्यासाठी. दुसरी-तिसरीत अभ्यास अवघड व्हायला लागला की शाळा पालकांना बोलावून घेते. ‘इथे त्याचं काही होत नाहीये, तुम्ही दाखला घेऊन जा, आम्ही चांगला शेरा लिहून देतो.’ आरटीईच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शाळेला हे ठाऊक असतं, म्हणूनच ती काढत नाही, पालकांकडून अर्ज लिहून घेते: ‘मी स्वेच्छेने पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे.’ एकदा ही सही झाली की पुढे कुठेही तक्रार केली तरी शाळा तो अर्ज काढून दाखवते आणि प्रकरण तिथेच संपतं. असा कागद समोर आला तर घरी विचार करून सांगतो म्हणा आणि तो न सही करता घेऊन या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या: ‘काल आपण मला पाल्याचा दाखला घेऊन जाण्यास सांगितलंत. आम्हाला दाखला नको आहे. पाल्याला याच शाळेत शिकायचं आहे. त्याला कोणती मदत देता येईल, यावर बैठक घ्यावी.’ पोच घ्या, आणि मुलाला रोजच्यासारखं डबा देऊन शाळेत पाठवा.